दोन डबे आणि माझे दोन डोळे

मी एक दारुमा आहे, म्हणजे जपानी नवसाचा बाहुला. कागदाच्या लगद्याचा, लाल रंगाचा, पोट सुटलेला आणि हातपाय नसलेला. माझ्या बुडाशी मातीचा जड गोळा आहे. त्यामुळे मला कुणी कितीही आडवे केले तरी मी पुन्हा उठून बसतो. लोक याला माझा निग्रह म्हणतात. खरे श्रेय त्या गोळ्याचे आहे. पण आयते मिळालेले कौतुक नाकारण्याइतका मी विरक्त नाही.

माझा जन्म ताकासाकीचा. तेथे हिवाळ्यात डोंगरावरून जो कोरडा वारा सुटतो, तो आमची अंगे वाळवण्यास उत्तम. लाकडी साच्यावर जुन्या कागदाचे थर चढवून मला घडवले, रंगात बुडवले, आणि एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या तोंडावर करकोच्याच्या आकाराच्या भुवया व कासवाच्या आकाराच्या मिशा काढल्या. दोन्ही प्राणी दीर्घायुषी मानतात, म्हणून. डोळ्यांच्या जागा मात्र त्याने पांढऱ्या ठेवल्या. विसरून नव्हे. ज्याने मला विकत घेतले, त्याने मनात इच्छा धरून माझा डावा डोळा रंगवायचा आणि ती पुरी झाली की उजवा, अशी रीत आहे.

या रीतीचा मी पुष्कळ विचार केला आहे. दैवताला काही देऊ करून त्याच्याकडून काम करवून घेणे सर्वत्रच आढळते. परंतु त्याला अर्धे आंधळे ठेवून तगादा लावण्याची कल्पकता विरळा. वर्ष सरले की आम्हाला देवळात परत नेतात आणि मोठ्या जाळात टाकतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. डोळे मिळण्यापूर्वी तर मुळीच नव्हती.

१९९४ सालच्या जानेवारीतल्या जत्रेतून मला हिसानोबाईंनी उचलले. तोक्योच्या उत्तर टोकाला, नदीच्या अलीकडे, एका बाजारगल्लीत त्सुबामेया नावाचे खेळण्यांचे दुकान होते. ते हिसानोबाई आणि त्यांचे थोरले बंधू कानेकिची चालवत. पूर्वी त्यांचे वडील तेथे खेळणी विकत, आणि आई दाराच्या उजव्या अंगाला, एका चटईएवढ्या कोपऱ्यात बसून पोरांना गोळ्या आणि तांदळाच्या कुरकुरीत चकत्या विके. दोघेही आता हयात नव्हते. कोपरा मात्र तसाच होता, आणि त्यावर आईच्या नावाची वीतभर लाकडी पाटीही.

रस्त्यावरून दिसेन असे मला काचेच्या दाराजवळ जरा तिरके बसवले, आणि दहा महिने मी आंधळाच राहिलो. इच्छा कोणती धरायची, यावर भावंडांचे एकमत होईना.

"दुकान चालू राहू दे, एवढंच मागू या की," हिसानोबाई म्हणत.

"दुकान चालूच आहे. गिऱ्हाईक नाही. ते माग."

"अरे दादा, गिऱ्हाईक आलं म्हणजेच दुकान चाललं ना?"

"मग मी वेगळं काय म्हणतोय?"

"वेगळं नाही, पण ओरडून म्हणतोयस."

कान मला कुणी काढलेच नव्हते; तरी ऐकू सगळे येई.

शरद ऋतूत गल्लीत एक नवीच वार्ता पसरली. व्हिडिओ गेमचे दोन नवे डबे येणार होते: एक नोव्हेंबरच्या शेवटी, दुसरा डिसेंबरच्या आरंभी. दोघेही चकतीवर चालणारे, दोघेही एकमेकांना संपवण्यास निघालेले. गल्लीने त्यांना आपली नावे दिली, काळा आणि पांढरा. दोहोंपैकी एकही डबा कुणी प्रत्यक्ष पाहिला नव्हता, आणि नेमकी हीच गोष्ट त्यांच्या कीर्तीला पोषक ठरली. न पाहिलेल्या वस्तूविषयी माणसे विलक्षण खात्रीने बोलतात. पाहिलेल्या वस्तूने थोडी तरी शंका उत्पन्न होते. न्हाव्याच्या खुर्चीत एक आख्यायिका निघे, ती टोफूवाल्याकडे पोहोचेपर्यंत दुप्पट होई, आणि सार्वजनिक स्नानगृहाच्या वाफेतून बाहेर पडताना तिला शेपूट फुटलेले असे.

कानेकिची काळ्याचे. "खेळघरांतली यंत्रं ज्यांनी उभी केली, त्यांचा आहे तो. त्यांना खेळ कळतो. तुझा पांढरा कुणाचा? रेडिओवाल्यांचा! गाणी वाजवणाऱ्यांनी गाणी वाजवावीत."

"तुला साठी आली तरी टेप उलटी लावतोस," हिसानोबाई म्हणत, "आणि रेडिओवाल्यांना अक्कल शिकवतोस?"

हा वाद केवळ करमणुकीचा नव्हता. शेजारच्या औषधवाल्या मोरोझुमीसानना आपले दुकान वाढवायचे होते, आणि कानेकिचींनी त्यांना शब्द दिला होता की, हा हंगाम कोरडा गेला तर नव्या वर्षी त्सुबामेयाची जागा तुमची. पुढे ऑक्टोबरच्या अखेरीस घाऊक व्यापाऱ्याचा माणूस नेझू आला. कपाळाचा घाम पुसत त्याने एक कोरा अर्ज काउंटरवर ठेवला.

"लहान दुकानांना दोन्हीपैकी एकच डबा, आणि तोही सहाच नग. कोणता हवा ते लिहा, शिक्का मारा. रविवारी न्यायला येतो."

"आणि चुकीचा लिहिला तर?" कानेकिचींनी विचारले.

"तर सहा डबे तुमच्याकडे राहतील, काका. परत घेत नाही आम्ही."

म्हणजे एक शब्द लिहायचा होता, आणि त्या एका शब्दावर दुकान राहायचे किंवा जायचे होते.

शनिवारी दुकान उघडताच कानेकिचींनी शाईची दौत पुढे ओढली, कुंचला बुडवला आणि मोठ्याने म्हणाले, "काळ्याला पांढऱ्यापेक्षा मोठी रांग लागू दे." माझा डावा डोळा उघडला. जग मी प्रथम पाहिले ते असे: कानेकिचींचे नाक, त्यावर शाईचा ठिपका, आणि मागे वाऱ्याने हलणारे पतंग. आनंद झाला, परंतु ते जग अर्धेच होते, आणि त्या अर्ध्यात हिसानोबाई नव्हत्या. त्यांचा केवळ श्वास ऐकू येत होता. तो शांत नव्हता.

रविवारी दार उघडण्यापूर्वी त्या एकट्याच खाली आल्या. त्यांच्या हातात तोच कुंचला होता. "पांढऱ्याला काळ्यापेक्षा मोठी," त्या माझ्या कपाळाजवळ पुटपुटल्या, आणि माझा उजवा डोळा उघडला. आता मला आईचा कोपरा दिसला, पाटी दिसली, आणि हिसानोबाईंच्या डोळ्यांत पाणी असल्याचेही दिसले.

येथे घडलेली चूक शास्त्राच्या दृष्टीने मोठी आहे. दुसरा डोळा हा पावतीसारखा असतो, मागणीसारखा नव्हे. एका दारुमाच्या अंगावर दोन परस्परविरोधी इच्छा यापूर्वी कुणी लिहिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मी उजव्या डोळ्याने होकार द्यावा तर डावा रुसणार! कानेकिची खाली आले, त्यांनी मला पाहिले, आणि त्यांच्या हातातला चहाचा पेला कलंडला.

"हे काय केलंस? अगं, कामाला लागायच्या आधीच सुट्टी दिलीस त्याला!"

"तू तुझा डोळा रंगवलास. मी माझा."

"त्याचे दोन्ही डोळे एकाच इच्छेचे असतात!"

"कोण म्हणतं? तू की तुझा काळा?"

या गडबडीत दाराचा पडदा वर गेलेला होता. स्नानगृहाच्या मालकीणबाई उशिदा काकू झाडू घेऊन समोरून जात होत्या. त्यांनी काचेतून मला पाहिले. दोन्ही डोळे रंगलेले. गल्लीत त्याचा अर्थ एकच होता. झाडू तिथेच टाकून त्या टोफूवाल्याकडे वळल्या.

"त्सुबामेयाचं काम झालं! दोन्ही डोळे भरलेत त्यांनी!"

"म्हणजे डबे मिळाले?"

"एक डोळा, एक डबा. दोन डोळे, दोन डबे. एवढंही कळत नाही तुम्हाला?"

लोककथा कशी जन्मते, हे मी त्या दिवशी दोन्ही डोळ्यांनी पाहिले. स्टेशनजवळच्या विजेच्या वस्तूंच्या मोठ्या दुकानांत नावनोंदणी केव्हाच भरली होती. त्यामुळे वार्ता पसरताच माणसे धावत आली. अर्ध्या तासात आमच्या दारात रांग होती. न्हावी गिऱ्हाइकाच्या गळ्यातला टॉवेल न काढताच आला होता; गिऱ्हाईक त्याच्या मागे उभे होते, एका गालावर साबण घेऊन.

"कानेकिचीसान, माझं नाव काळ्याला घाला!"

"हिसानोसान, मला पांढरा. आणि हो, माझ्या बायकोला काळा सांगितलाय मी, विचारलं तर तसंच सांगा."

भावंडांनी एकमेकांकडे पाहिले. नाही म्हणायला दोघांपैकी एकाचेही तोंड उघडेना. एकच वही होती. कानेकिची ती पुढून लिहू लागले, हिसानोबाई मागून. दोघांनी लिहिलेली नावे मधल्या पानावर येऊन भिडली, तेव्हा नेझू अर्ज न्यायला दारात हजर झाला.

"ही गर्दी कसली?" त्याने विचारले.

"डब्यांची," कानेकिची म्हणाले.

"कोणत्या?"

"दोन्ही."

नेझूचा चेहरा पडला. "काका, एका दुकानाला एकच. मी सांगितलं होतं. नियम आहे. तुमच्यासाठी मोडला तर माझी नोकरी जाईल."

काळ्याचे लोक पांढऱ्याच्या लोकांकडे पाहू लागले. दुकानाचा शिक्का हिसानोबाईंच्या मुठीत होता. त्यांनी तो भावापुढे ठेवला. "मार, दादा. काळाच लिही. दुकान तर राहील. माझ्या लोकांना मीच सांगते."

कानेकिचींनी शिक्का उचलला. त्यांची नजर अर्जावर नव्हती. ती माझ्या उजव्या डोळ्यावरून त्याच्या समोरच्या कोपऱ्याकडे गेली आणि तिथेच खिळली. मग त्यांनी खाली वाकून सर्वांत तळाचा खण ओढला, त्यातून सुपारीएवढा, कडा झिजलेला दुसरा शिक्का काढला आणि तो नेझूपुढे धरला.

"एका दुकानाला एक ना? मग दोन अर्ज दे."

"दुसरं दुकान कुठं आहे?"

"ते काय." कानेकिचींनी चटईएवढ्या कोपऱ्याकडे बोट दाखवले. "आमच्या आईचं. पाटी आहे, शिक्का आहे, परवाना दर साली मीच नव्याने काढतो."

हिसानोबाई थक्क झाल्या. "दर साली? मला कधी बोलला नाहीस!"

"बोललो असतो तर तू रडली असतीस. आताही रडतेच आहेस."

नेझूने कोपरा डोळ्यांनी मोजला. "पण काका, याला दुकान म्हणायचं?"

"एक माणूस आत बसतो, दुसरा बाहेर उभा राहून मागतो. आणखी काय लागतं दुकानाला?" साबण लावलेले गिऱ्हाईक रांगेतून म्हणाले. सगळी रांग हसली, आणि हसणाऱ्या रांगेपुढे नियम फार काळ ताठ राहत नाही, असा माझा अनुभव आहे. नेझूने दुसरा अर्ज काढला. आणि वहीचे मधले पान पाहून, "नगांचं मी बघतो," म्हणत दोन्ही अर्जांवर सहाच्या जागी बारा लिहिले. त्यांपैकी पहिल्यावर वडिलांचा शिक्का उमटला, दुसऱ्यावर आईचा.

काळा आला त्या दिवशी कानेकिची शाळेच्या पहिल्या दिवसासारखे भांग पाडून बसले. जेवणाच्या वेळेपर्यंत बाराही डबे गेले. अकरा दिवसांनी पांढरा आला. हिसानोबाई आईच्या कोपऱ्यात, आईच्याच उशीवर बसल्या, आणि त्यांचेही बारा गेले. त्या रांगेत शेवटून दुसरे मोरोझुमीसान होते.

"तुम्ही?" कानेकिची म्हणाले. "तुम्हाला तर जागा हवी होती!"

"जागा घेतली तर डबा कुठून घेऊ?" औषधवाले म्हणाले. "आधी डबा द्या. जागेचं राहू द्या."

जागेचे राहिले, ते आजतागायत.

पुढच्या जानेवारीत भावंडे मला काखेत मारून देवळात गेली. जाळ चांगला पेटलेला होता. माझे अनेक भाऊबंद त्यात समाधानाने जात होते. तेथल्या सेवेकऱ्याने मला हातात घेऊन रीतीप्रमाणे विचारले, "इच्छा पुरी झाली?"

"झाली," कानेकिची म्हणाले. "काळ्याची रांग मोठी होती."

"काहीतरीच! झाली ती माझी. पांढऱ्याची रांग उशिदा काकूंच्या दारापर्यंत गेली होती."

"काकू स्वतःच रांगेत होत्या, म्हणून दारापर्यंत वाटली तुला!"

सेवेकऱ्याने माझ्या दोन्ही डोळ्यांकडे आळीपाळीने पाहिले. असला दारुमा त्यालाही नवा होता. मागचे लोक ओरडू लागले, तेव्हा त्याने मला हिसानोबाईंच्या हातात परत दिले. "आधी घरी ठरवा कुणाची पुरी झाली ते. मग आणा."

ते अद्याप ठरलेले नाही. काळा बनायचा केव्हाच थांबला, पांढराही थांबला. गिऱ्हाइकांनी परत आणून दिलेले दोघांचे एकेक जुने डबे आता माझ्या दोन बाजूंना फळीवर बसतात आणि त्यांच्यात कसलेही वैर उरलेले नाही. माझा लाल रंग विटून पिकलेल्या नारिंगी पर्सिमॉन फळासारखा झाला आहे. कानेकिचींना आता ऐकू कमी येते आणि हिसानोबाईंना गुडघे दुखतात. तरी दर जानेवारीला ते मला पुसून देवळात नेतात, जाळापुढे उभे राहून भांडतात आणि संध्याकाळच्या आत परत आणतात. वाटेत एका वाडग्यातल्या गरम नूडल्स दोघे मिळून खातात, आणि रांगेची लांबी पुन्हा एकदा काड्यांनी मेजावर मोजून दाखवतात.

गेल्या जानेवारीत मात्र मला भीती वाटली. जाळापुढे कानेकिची म्हणाले, "हिसानो, असेलही तुझी मोठी."

हिसानोबाईंनी मला छातीशी आवळले. "असेलही म्हणजे काय? नीट आठवून सांग. घाई नाही. पुढच्या वर्षी सांग."

वाचकहो, इतरांच्या इच्छा अंगावर वागवणे हा माझा धर्म. स्वतःची इच्छा धरण्याची आम्हाला मुभा नाही, आणि रंगवायला माझ्याकडे तिसरा डोळाही नाही. तरीही या गल्लीत कधी आलात आणि त्या दोघांनी तुम्हाला विचारले की, खरी मोठी रांग कोणाची होती, तर कृपा करून एवढेच म्हणा: सांगणे कठीण आहे.