जुन्या जखमेची साल

"ह्या पेशींना झोपा म्हणून सांगावं, तर ह्या शनिवारच्या मयताला मांडवात लावतात तेवढे दिवे लावून बसल्यात," मायक्रोस्कोपवर वाकलेली प्रयोगशाळेतली मदतनीस अताआ पुटपुटली. "डोळे गेले माझे मोजून मोजून."

शेजारच्या स्टुलावर बसलेल्या कोनादूने ते ऐकलं, पण मान वर केली नाही. प्रयोग फसण्याची ही चौथी वेळ होती.

त्या पेशी मुद्दाम तशा केलेल्या होत्या. 'सुजा' असा निरोप आत पोचला की त्या हिरव्या चमकायच्या. कोनादूचं सहा वर्षांचं काम एवढंच, की एका झाडाच्या कडू सालीचा अर्क घातला तर तो निरोप वाटेतच अडतो आणि पेशी अंधारात राहते. पहिल्या वेळी अंधार झालाही होता, कुमासी शहरात वीज गेल्यासारखा ठार. त्याचा फोटो प्रोफेसर ओसाफोंनी मोठा करून भिंतीवर लावला. त्यानंतर मात्र नुसते दिवेच दिवे.

गुरुवारी तिला विभागापुढे उभं राहून हे सगळं सांगायचं होतं. त्यावर तिची पदवी. शाळेतली नोकरी सोडून वयाच्या अडतिसाव्या वर्षी ती इथे आली, तेव्हा सासू म्हणाली होती, "नातवंडांची वह्या-पुस्तकं घ्यायच्या वयात स्वतःची घेतेस?" चव्वेचाळिसाव्या वर्षी आता तिला रिकाम्या हाताने घरी जायचं नव्हतं.

"विजेचाच घोटाळा असणार," दारातून ओसाफो सर म्हणाले. "फ्रीज बंद पडला असेल."

"फ्रीज चालू होता, सर," अताआ म्हणाली.

"मग पिपेट तपासा."

पिपेट तीनदा तपासून झाली होती. सालीकडे कुणी बोट दाखवत नव्हतं. अताआने कोनादूकडे पाहिलं, कोनादूने खिडकीबाहेर पाहिलं आणि सर चहाला गेले.

कारण पहिली साल आणली होती एनो दुफिएने. एनो म्हणजे आई. औषधवाल्या म्हातारीला सगळेच तसं म्हणत. डोक्यावर घमेलं घेऊन ती यायची. तळहाताएवढे तुकडे, काळे, गाठाळलेले, खपल्या धरलेले. कोनादू म्हणाली होती, "एनो, जरा स्वच्छ माल आणा ना." त्यावर एनो म्हणाली, "झाड काय मिशनच्या शाळेत जातं, अंघोळ करून यायला?" पुढे बाजारात सरळ, गुळगुळीत साल पोत्याने मिळू लागली. झाड तेच, वनस्पतीवाल्यांनी पान पाहून तसं लिहूनही दिलं. पुढचे सगळे प्रयोग त्याच सालीवर झाले आणि एनो गेटवरून परत जाऊ लागली.

मंगळवारी कोनादूने वडीलधाऱ्यांना भेट म्हणून नेतात ती श्नॅप्स दारूची बाटली पिशवीत घातली आणि एनोच्या गावाकडे जाणाऱ्या त्रोत्रोत, त्या खच्चून भरलेल्या मिनीबसमध्ये, मागच्या बाकावर अंग चोरून बसली.

एनो अंगणात केळी सोलत होती. तिने स्टूल पुढे केलं, पाणी दिलं. कोनादूने पूर्वजांसाठी दोन थेंब जमिनीवर सांडले, उरलेलं ती प्यायली. मग एनोने रीतीप्रमाणे विचारलं, "आमच्याकडे सगळं शांत आहे. वाटेवर तू आहेस. काय निरोप आणलास?"

"काही वाईट नाही, एनो. सहज आले. म्हटलं, खुशाली विचारावी."

"बरं केलंस." एनोने बाटलीकडे पाहिलं, मग कोनादूच्या नव्या चपलांकडे. "तुमचा तो गेटवाला बरा आहे ना? फार काळजीचा माणूस. मला उन्हातून आत जाऊच द्यायचा नाही."

कोनादूने रिकामा पेला उगाच पुन्हा तोंडाला लावला.

"चल," एनो म्हणाली. "आलीच आहेस तर झाड बघून जा. इतकी वर्षं उकळलंस त्याला, तोंडओळख तरी होऊ दे."

कोकोच्या बागेमागे झाड उभं होतं. उगवतीच्या अंगाला बुंध्यावर जुने व्रण होते, एकाखाली एक, ओठ मिटल्यासारखे. मावळतीचं अंग कोरं. कोनादूने कोऱ्या सालीवरून हात फिरवला. अगदी बाजारातल्यासारखी.

"तिथली नको," एनो म्हणाली. "ती मुकी आहे."

"म्हणजे?"

"अगं, पहिल्या खेपेला मी नुसता वार करते आणि घरी जाते. काही घेत नाही. झाडाला कळायला नको, की कुणीतरी घ्यायला येणार आहे? दोन पावसाळ्यांनी जखम भरते. त्या भरलेल्या जागेवरचं काढायचं, तेही हाताएवढंच. जे दुखलं नाही, त्याला दुखण्याचं औषध कुठून ठाऊक?"

ती चाकूने खपली उचकटू लागली. कोनादू बघत राहिली. वार झाला की एक पेशी दुसरीला सांगते, दुसरी तिसरीला. मग झाड आपल्या बचावाला काहीबाही तयार करतं. हे तिने शाळेतल्या पोरांना फळ्यावर बाण काढून शिकवलं होतं. पोरं तेव्हा जांभया देत होती. पण सहा वर्षं पेशींचे निरोप ऐकणाऱ्या त्याच कोनादूने पोतंभर अशी साल उकळली होती, जिला कधी कसला निरोपच पोचला नव्हता. हा अजून अंदाजच होता, तपासायला हवा होता.

"हे आधी का नाही सांगितलंत?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"कुणाला? गेटला?"

एनोने दोन तुकडे केळीच्या पानात गुंडाळून तिच्या हातात ठेवले. काळे, गाठाळलेले. परत येऊन दोघी अंगणात बसल्या. एनोने पुन्हा पेला भरला, पुन्हा पुढे केला आणि जणू कोनादू आत्ताच दारात उभी राहिली होती अशा आवाजात म्हणाली, "आमच्याकडे सगळं शांत आहे. वाटेवर तू आहेस. काय निरोप आणलास?"

कोनादू ह्या वेळी पाणी प्यायली नाही. 'काही वाईट नाही' हे शब्द ओठांपर्यंत आले होते; सवयीचे, सभ्य. गुरुवारी विभागापुढेही तेच म्हणता आलं असतं. फ्रीज होता, पिपेट होती, वीज होती. सरांनी मान डोलावली असती.

"एनो," ती म्हणाली, "आमचं औषध चालत नाही. एकदा चाललं, ते तुमच्या सालीने. मला ती घाणेरडी वाटली. गेटवाल्याने तुम्हाला आपल्या मनाने नाही अडवलं. म्हातारीला आत सोडू नकोस, असं त्याला मीच सांगितलं होतं."