बारा मीटर सोनं

आमच्या घरात सोनं कुणाच्या अंगावर कधी दिसलं नाही, पण बोलण्यात मात्र रोज असायचं. बाबा भूशास्त्रज्ञ. एका उजाड डोंगरात सोन्याची शीर शोधण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि शेवटी कंपनीने गाशा गुंडाळला. मावशी म्हणायची, "डोंगर पोखरून उंदीर काढला तुझ्या बापानं." मी लगेच भांडायला उठायचे. कारण उंदीर नव्हता निघाला. एका बोअरमध्ये सलग बारा मीटर सोनं लागलं होतं. पुढे बाजारात भाव पडला म्हणून काम थांबलं, असंच मला ठाऊक होतं.

हे बारा मीटर मला इतके पाठ का, तेही सांगते. मी शाळेत असताना आईचं ऑपरेशन ठरलं. बाबा डोंगरावरून येणार होते. आदल्या दिवशी त्यांचा हॉस्पिटलात आईला फोन आला: सोनं लागलंय, बारा मीटर, आता मशीन सोडून हलता येत नाही. ते आले नाहीत. ऑपरेशननंतर आई शुद्धीवरच आली नाही. मी बाबांशी कितीतरी दिवस बोलले नाही. मग हळूहळू माफ केलं, पण फुकट नाही. बारा मीटर सोन्याच्या बदल्यात केलं. माणूस बायकोपाशी नव्हता, पण निदान कशासाठी तरी नव्हता, अशी मी मनाची समजूत घातली आणि तिच्यावरच मोठी झाले.

खाण तशी माती म्हणतात. मीही दगडांच्याच धंद्यात शिरले. यंदा सोन्याचा भाव चढला, तशी आमच्या कंपनीला जुन्या बंद पडलेल्या जागांची आठवण झाली. यादीत बाबांचा डोंगर दिसताच मी तो मागून घेतला आणि बाबांनाही सोबत चला म्हटलं. त्यांनी आधी गुडघ्याचं कारण सांगितलं, मग चष्म्याचं, मग म्हणाले, "तिथं आता काय उरलंय?" मला वाटलं, म्हातारपणाचा आळस. मी त्यांना अक्षरशः गाडीत कोंबून नेलं.

पत्र्याच्या शेडमध्ये सगळं जसंच्या तसं होतं. बोअर घेताना मशीन जमिनीतून दगडाचे लांब, गोल दांडे काढतं. त्यांना आम्ही कोअर म्हणतो. ते दांडे लाकडी पेट्यांत ओळीने मांडलेले, वर धूळ आणि पालींच्या लेंड्या. बाबा दाराशी एका उलट्या खोक्यावर बसले. आत येईनात.

"आधी बाकीचे बोअर बघ," ते म्हणाले.

"वा! गोडाचं ताट समोर ठेवून आधी कारलं खाऊ?" मी म्हटलं आणि त्या बारा मीटरवाल्या बोअरच्या पेट्या ओढून काढल्या.

कोरडा दगड मुका असतो, भिजवला की बोलतो. मी बादलीत स्पंज बुडवून कोअरवर फिरवला. गारगोटीची पांढरी शीर चमकून वर आली आणि माझा हात तिथंच थांबला. शीर दांड्याला आडवी जायला हवी होती. ती दांड्याच्या लांबीने उभी चालली होती. दुसरी पेटी भिजवली, तिसरी भिजवली. सगळीकडे तेच.

पुस्तकातून सुई आरपार घातली तर पुस्तकाची जाडी कळते. तीच सुई एका पानालगत वरून खाली सरकवली, तर तिला शेवटपर्यंत तेच एक पान भेटत राहतं. इथे तेच झालं होतं. उतारावर शिरेचं वरचं टोक मातीच्या ओढीने वाकलं असणार. तो वाक म्हणजेच शिरेचा खरा कल असं धरून बाबांनी मशीन डोंगराच्या उलट्या बाजूला लावलं आणि बोअर शिरेलगत खाली उतरत गेला. म्हणून बारा मीटर. शीर खरी असेल चार बोटं रुंद. अशी चूक आमच्यात कुणाच्याही हातून होते. पण कोअर हातात आल्यावर ती न दिसणं शक्यच नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

"बाबा, तुम्हाला हे कधी कळलं?"

"पहिली पेटी भिजवली तेव्हाच."

"फोनच्या आधी की नंतर?"

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "आधी."

माझ्या हातातला स्पंज मी भिंतीवर फेकला. "मग आला का नाहीत? कशासाठी थांबलात इथं? या चार बोटांसाठी?"

"तिला ऑपरेशनची भीती वाटत होती गं. रोज विचारायची, काही लागलं का हो, खडकोबा? म्हटलं, आत जाताना तरी आनंदात जाऊ दे. सांगून टाकलं. मग येणार कसा? माझं तोंड बघताच तिला कळलं असतं. वाटलं, दुसऱ्या बाजूने एक बोअर घेऊ. रुंद शीर निघाली की हातात खरं काहीतरी घेऊन जाऊ."

"निघाली?"

त्यांनी चार बोटं वर केली.

मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी इतकी दया आली की दोन्हींचं काय करावं कळेना. मी पेटीशेजारी खाली बसले.

"तू होतीस ना तिच्याजवळ," बाबा म्हणाले. "फोन ठेवल्यावर हसली होती ना ती?"

हो म्हणणं सोपं होतं. पण असल्या सोप्या बोलण्यानंच आमच्या घराची वाट लागली होती.

"नाही हसली," मी म्हणाले. "म्हणाली, ह्यांना काही लागलेलं नाही. मी म्हटलं, अगं आई, बारा मीटर लागलंय! तर म्हणाली, खरंच लागलं असतं तर हे फोन करत बसले असते होय? मशीन टाकून, अनवाणी धावत आले असते मला सांगायला. लाजतायत वेडे. मला वाटलं, भीतीने काहीतरी बोलतेय."

बाबा उठले. गुडघ्यावर हात टेकत आत आले आणि ओल्या कोअरपाशी उभे राहिले.

"म्हणजे तिला माहीत होतं."

"हो."

"मग मी रिकाम्या हाताने आलो असतो, तरी चाललं असतं?"

"चाललं असतं, बाबा," मी म्हणाले. "ती दाराकडेच बघत होती."