तिसरं कोटेशन

निकिताने नकाशावर कळवणजवळचा ठिपका दाबला आणि पडद्यावर मुलींच्या एका वसतिगृहाची आठ वर्षांपूर्वीची खरेदी उघडली. देणगीच्या पैशातून घेतलेली साठ ब्लँकेटं. शेजारी हिरवी खूण. नाशिकच्या सभागृहात जमलेल्या लोकांना तिने समजावलं, की तीन दुकानांनी भाव दिले, पत्ते वेगळे, फोन वेगळे, सगळ्यात स्वस्त दुकानाचा माल घेतला, म्हणून हिरवं. काही काळंबेरं असतं तर लाल झालं असतं. देणगीच्या खरेद्या तपासणारं हे संकेतस्थळ तिने आणि तिचा सहकारी झीशानने दोन वर्षं राबून उभं केलं होतं, त्यामुळे बाई जरा तोऱ्यातच बोलत होती.

तिसऱ्या रांगेतून विमलाबाई उठल्या. त्याच वसतिगृहात त्या तेव्हा स्वयंपाकाला होत्या.

"ती ब्लँकेटं पहिल्या धुण्यातच इरली, ताई. पोरी थंडीत दोघी-दोघी एका अंथरुणात निजायच्या. दुकानदारानं नि तिथल्या साहेबानं मिळून खाल्लं, आसं मला तवापासून वाटतंय. जरा कागद दाखवा."

कागद दाखवायलाच तर सगळा खटाटोप होता. निकिताने कोटेशनं उघडली. पहिलं वणीच्या रावजींच्या दुकानाचं, म्हणजे तिच्या वडिलांचं. तेवढ्याने ती डगमगली नाही. वडील कापडवाले, माल विकणारच. पण तिसरं उघडलं आणि तिचा हात माऊसवर तसाच राहिला.

गोल, ठसठशीत अक्षर, शिरोरेघा पट्टीने मारल्यासारख्या. ते तिचं होतं.

तीन कोटेशनं लागतात, आणि कारकून ती तिन्ही एकाच दुकानदाराकडे मागतो, ही आपल्याकडची जुनी रीत. रावजींच्या गल्ल्याखाली कधीच नसलेल्या दोन दुकानांची लेटरहेडं कायम तयार असत. एकावर पत्ता मामाचा, दुसऱ्यावर फोन आत्याचा. पण तिन्हींवर अक्षर एकच कसं चालेल? म्हणून पहिलं ते स्वतः लिहीत, दुसरं तिचा थोरला भाऊ रोहित आणि तिसरं अकरावीतली निकिता. भाव आपल्यापेक्षा दहा रुपये चढा टाक, एवढंच सांगत. आणि ही हौसेने लिहायची! काय लिहितोय ते तिला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. आज लाज वाटली ती त्याचीच. तिकडे वणीच्या पेठेत रावजी लेकीच्या कामाचं कौतुक सांगत हिंडत असतील.

"काय निघालं मग?" विमलाबाईंनी विचारलं.

"हिरवी खूण आहे," निकिता म्हणाली. "म्हणजे नियमाने झालंय सगळं."

विमलाबाईंनी सगळ्यांदेखत स्वतःचे कान धरले.

"चुकले मी. मशीन कशाला खोटं बोलंल? उगाच त्या दोघास्नी आठ वरीस शिव्याशाप दिले."

त्या पदर सावरून खाली बसल्या. शेजारचा माणूस त्यांच्याकडे बघून गालात हसला, आणि त्यांनी मान आणखी खाली घातली.

निकिताला ते बघवेना. झीशान पुढचा ठिपका दाबायची खूण करत होता. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती पडद्याशेजारच्या पांढऱ्या फळ्यापाशी गेली आणि मार्करचं टोपण काढलं. अक्षर थोडं तिरकं काढलं तरी अजून निभावेल, असं एक क्षण मनात आलंच. तिने ते तिरकं काढलं नाही. तिसऱ्या कोटेशनातलं 'ब्लँकेट, नग साठ' एवढंच लिहिलं आणि वर सवयीप्रमाणे सरळ शिरोरेघ ओढली. सभागृहात कुजबुज सुरू झाली.

"विमलाबाई," ती बाजूला सरकत म्हणाली, "जरा पुढे या. आधी पडद्यावरचं तिसरं कोटेशन बघा. मग हे बघा."