बांगडीचा व्यास

मित्रांनो, मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. माझ्या पाठीचं झाकण कधीच हरवलं, सेल रबर लावून बसवला आहे. तरी आकडेमोडीत अजून चुकत नाही, एवढा तोरा मला आहे.

आर्णीच्या एका शाळेत कुंदा मॅडम मला वर्गात घेऊन यायच्या. एकदा त्यांनी मुलांना घरून गोल वस्तू आणायला सांगितल्या. कोणी ताटली आणली, कोणी डब्याचं झाकण, एकाने तर सायकलची रिंग. दोऱ्याने घेर मोजायचा, मधोमध आडवा व्यास मोजायचा आणि घेराला व्यासाने भागायचं. वस्तू लहान असो की मोठी, उत्तर तीन आणि वर थोडंसं, एवढंच यायचं.

"हाच π," म्हणत मॅडमनी माझं बटण दाबलं. मी ३.१४१५९२६५४ दाखवलं. "पण हा इथं संपत नाही बरं. याच्या पडद्यावर मावत नाही, म्हणून हा थांबतो."

मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

तांड्यावरच्या अंजूने मात्र नुसता दोराच आणला होता. तिच्या आजीच्या, लालीबाईंच्या दंडावरल्या पांढऱ्या बांगडीचा तो घेर. "बांगडी निंगतच नाही, मॅडम. मधात हात हाय, आडवं कसं मोजू?" मॅडम खूश झाल्या. घेर भरला बावीस सेंटिमीटर. त्याला π ने भागल्यावर मी सात आणि वर अगदी केसभर असा व्यास सांगितला. मॅडमनी कौतुकाने मला कायमचं तिच्या हाती दिलं.

घरी जाऊन अंजू आनंदाने म्हणाली, "आजी, बांगडी निंगाली का आडवी मोजून पाहीन. उत्तर जुयते का नाही ते."

चुलीजवळच्या माणसांनी चमकून आजोबांकडे पाहिलं. त्यांच्या रीतीप्रमाणे नवरा आहे तोवर ती बांगडी दंडावरून उतरत नाही. आजोबा लखीराम तेवढे हसले. "मोजजो, पोरी. पन मले घाई नाही."

त्याच हिवाळ्यात लखीराम गेले आणि आजीच्या बांगड्या उतरल्या. अंजूने मला ओढणीत गुंडाळून पेटीच्या तळाशी टाकलं. कधीकधी ती पेटीशी बसून पुटपुटायची, "माह्या बोलण्यानंच गेला आजा." ते ऐकणारा मी एकटाच होतो, आणि त्याचं उत्तर देणारं बटण माझ्याकडे नाही.

एके दुपारी लालीबाईंनी ते ऐकलं. त्यांनी पेटी उघडली, मला आणि त्या बांगडीला अंजूच्या मांडीवर ठेवलं. "मोज. तुह्या आज्याले दमा होता, बाई. बोलण्यानं कोणी जात नाही. येवढे दिवस मले काहून नाही सांगतलं?"

अंजूने पट्टी आडवी धरली. सात; वरचा केसभर पट्टीवर दिसत नाही. उत्तर जुळलं. आयुष्यात पहिल्यांदा मला बरोबर आल्याचा आनंद झाला नाही; ते पडताळायला ती बांगडी उतरावी लागली होती. अंजू आजीच्या कुशीत शिरून रडली. मग तिने डोळे पुसून π चं बटण दाबलं.

"हे सरलं का इथं?" आजीने विचारलं.

"नाही, आजी. सरत नाही. याच्यात मावत नाही."

लालीबाई रिकाम्या दंडावरून हात फिरवत राहिल्या.

मित्रांनो, माझा सेल उतरला तर नवा टाकता येतो. पण घरातलं बोलकं पोर गप्प झालं, तर त्याला जवळ घेऊन लवकर विचारा. मी सारा हिवाळा पेटीत ऐकत होतो, आणि मला बोलता येत नव्हतं.