फक्कीतलं सभागृह

सोमवारी समितीपुढं ठेवायचा पुठ्ठ्याचा नमुना आरोहीनं शनिवारी दुपारी घरी आणला, तो खास वडिलांना, अण्णांना, दाखवायला. शहराच्या नव्या कलाकेंद्रातलं हे सभागृह म्हणजे आर्किटेक्ट म्हणून तिचं पहिलं मोठं काम. अण्णा, म्हणजे मानसिंगराव, मूळचे माढ्याकडचे. शुक्रवार पेठेत राहायला आल्यापासून गेली तीस वर्षं बजाबाई महाराजांच्या कीर्तनात मागं टाळ घेऊन उभे. त्यांनी चष्मा पुसला, नमुन्याभोवती देवाला घालावी तशी प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "लई देखणं झालंय. नाटकाला बेस."

"आणि तुमच्या कीर्तनाला?"

"आमचं काय, आमी देवळात करतो की."

ज्याच्या मांडीवर बसून आरोही टाळ धरायला शिकली, तोच माणूस तिच्या सभागृहात उभा राहणार नसेल, तर ते बांधायचं कुणासाठी? काय चुकलंय ते सांगा तरी, असं तिनं तीनदा विचारलं. "मला नकाशातलं काय कळतंय," म्हणत अण्णांनी तीनदा टाळलं.

रविवारी सकाळी तिनं आपल्या ऑफिसातल्या प्रदीपला जागेवर बोलावलं. पाया आखायची पांढरी फक्की घेऊन दोघांनी मोकळ्या मैदानावर अख्खं सभागृह खऱ्या मापानं आखलं. भिंती, दार, खुर्च्यांच्या रांगा, सगळं. रंगमंचाच्या जागी चार फूट उंचीवर गवंड्यांच्या फळ्या बांधल्या आणि कीर्तनाच्या मंडळींना, ऐकणाऱ्यांसकट, बोलावणं धाडलं.

मंडळी आली, फक्कीच्या दारापाशी चपला काढून एकामागोमाग एक त्याच दारातनं आत गेली. भिंत नव्हती, पण रेघ कुणी ओलांडली नाही. उशिरा आलेल्या शिवबाई तर बाहेरच थांबल्या. "येऊ का आत? का सुरू झालंय?"

"या की, दार उघडंच आहे," प्रदीप हसू दाबत म्हणाला.

बजाबाई महाराज फळ्यांवर चढल्या, रामकृष्णहरी म्हणाल्या, दोन ओळी गायल्या आणि थांबल्या.

"लेकी, हितनं मला माणसं न्हाय, नुसती डोकी दिसत्यात. कोण डोळं पुसतंय, कोण जांभई देतंय, ते बघून मी पुढचं बोलते. आणि शेवटाला ही समदी माझ्या पाया पडणार, मी ह्यांच्या. एवढ्या उंचावरनं वाकताना तोल गेला, तर कीर्तनाबरोबर माझीबी समाप्ती!"

सगळे हसले. अण्णांनी हात दिला, महाराज खाली उतरल्या, प्रदीपनं फळ्या सोडून बाजूला केल्या आणि त्याच जागी महाराज मातीवर उभ्या राहिल्या. मागं टाळकऱ्यांची कमान झाली, मृदंगावर थाप पडली आणि ते मैदान बघता बघता नामानं भरून गेलं.

आरोही वही घेऊन बघत होती. समोरची माणसं बसल्या बसल्या पुढं सरकत महाराजांपासून चार हातांवर आली. खुर्च्यांच्या मागच्या रांगा ओस पडल्या. टाळकऱ्यांची मात्र कोपरं एकमेकांत अडकत होती. मागं भिंतीची रेघ, आणि तिच्यावर पाय द्यायला एकही तयार नाही! देवळात गिरकी घेणारे अण्णा इथं अंग चोरून वाजवत होते. तेवढं बघून तिला शनिवारचं उत्तर मिळालं.

शेवटी सगळे एकमेकांच्या पाया पडले, तशी ती म्हणाली, "प्रदीप, पुढच्या चार रांगा काढ. तिथं नुसती लाकडी जमीन. रंगमंच एका पायरीचा. नाटकवाल्यांना उंची लागली, तर वर फळ्या चढवतील."

"ऐंशी खुर्च्या गेल्या, मॅडम. उद्या समिती खाईल आपल्याला."

"मला खाईल, तुला नाही. आणि त्या ऐंशीच्या जागेत दीडशे माणसं मांडी घालून बसली होती. मोजलीत मी."

ती टाळकऱ्यांमागच्या रेघेपाशी गेली आणि पायानं फक्की पुसायला लागली.

"अगं, भिंत पाडतीस व्हय?" अण्णा ओरडले.

"पाडते. पाच फूट मागं नेते. अण्णा, टाळ घ्या आणि हात पसरा."

"ते कशाला?"

"एका टाळकऱ्याला जागा किती लागते, ते माझ्या एकाही पुस्तकात नाही."

अण्णा लाजले. इकडंतिकडं बघितलं, मग दोन्ही हात पसरून उभे राहिले. आरोहीनं एका हाताच्या टोकाशी टेप धरली, प्रदीपनं दुसऱ्या.

"एवढी ताणू नकोस, जरा सैल धर," अण्णा म्हणाले. "गिरकी घ्यायची हाय मला हितं."