घोडीवर बसेल तेवढी शाळा

"काका, यातलं तुमच्या लेकरांनी काय काय वापरलं?"

माझ्या वर्गातल्या राजनंदिनी आणि सायलीनं पैज लावली होती, हा प्रश्न दुकानात विचारून दाखवच. मी विचारला. तोही माजलगावच्या बाजारात, गिऱ्हाइकांच्या गर्दीत. राधाकिशन शेठ हसले.

"आमची लेकरं शाळेत जातेत की! हे सामान घरी शिकणाऱ्यांचं हाय."

आबा लगेच म्हणाले, "तेच तर. आमची धाकटी घरीच शिकणार हाय."

घरी! दिवाळी झाली की आमचं घर घोडीच्या पाठीवर असतं. आबा, आई आणि धाकटी भामा मेंढरांमागं गोदाकाठानं निघतात, ते थेट मृगाला परततात. मी दहावीला, म्हणून गावात चुलतीकडं. भामा तिसरीत. तिच्या शाळेतल्या बाई एवढंच म्हणाल्या होत्या, वाटेत तिचा अभ्यास घ्या. तेवढ्यावर आबांनी दोन कोकरं विकली आणि आम्हाला घेऊन इथं आले.

शेठनी एकेक काढायला सुरुवात केली. बोलणारा पृथ्वीगोल, चुंबकाची अक्षरं, पांढरा फळा, भिंतीवरचे सहा तक्ते. आबा प्रत्येकाला मान हलवत होते.

"तक्ते कुठं लावायचे आबा? पालाला भिंत हाय का?"

"काठीला बांधू."

"आन हा गोळा सेलवर चालतो. सेल संपल्यावर?"

"तवर शिकंल की ती."

मी एक डबा बाजूला सारायचा, आबांनी दुसरा पुढं ओढायचा. शेवटी पायरीवर बसलेली आई बोलली, "आवो, घोडीला इचारलं का? तिच्यावर पाल हाय, भांडी हायती, कोंबड्या हायती. आता फळा बसवा, आन वर मास्तर बी बसवा!"

शेठसुद्धा हसले. आबा हसले नाहीत. शंभर मेंढरांतली आजारी कोणती ते लांबून ओळखणारा हा माणूस, इथं प्रत्येक डबा हातात घेऊन नुसतं वजन बघत होता.

"आबा, कशाला हवंय एवढं?" मी वैतागून ओरडलेच.

"तुझ्या टायमाला काय दिलतं मी?" ते फळ्याकडं बघत म्हणाले. "येक पाटी. तिसरीला असताना संगं आलतीस. माघारी आल्यावर वाचाय येईना. बाईनं तुला पहिलीच्या लेकरांत बसिवलं. ध्यानात हाय माझ्या."

माझ्याही ध्यानात होतं, पण वेगळंच. मी रोज पाटीवर लिहून आबांना दाखवायचे. ते म्हणायचे, "लई बेस." आई म्हणायची, "लई बेस." एक दिवस मी नुसत्या रेघोट्या ओढून दाखवल्या. तेव्हाही दोघं म्हणाले, "लई बेस." त्या दिवशी मी पाटी बोचक्यात घातली, ती पुन्हा काढलीच नाही.

हे मी आबांना आजवर सांगितलं नव्हतं. तिथंही सांगितलं नाही. सगळे डबे उचलून शेठच्या पुढ्यात ठेवले.

"शेठ, हे राहू द्या. तीन पाट्या द्या आन पेन्सिलींचा एक डबा."

"तीन कावून?" आबांनी विचारलं.

"पालावर भामीला शिकवायला कुणी न्हाई, आबा. मग तीच शिकवंल. एक पाटी तिची, एक तुमची, एक आईची. मेंढरं बसली की तुमी दोघांनी बी बसायचं. चुकलं तर ती रागवंल, आन तुमी गपचिप ऐकून घ्यायचं. मी ठरवलंय."