थंड इंजिनाची पारख

घोड्याच्या बाजारात आपल्याला कुणी फसवलं नाही, हे लोणखेड्याचे चुडामण पाटील कुणी न विचारताही सांगत. त्यांची रीत एकच: जनावर पहाटे, थंड असताना बघायचं. लंगडा घोडा चार फेऱ्या मारून गरम केला की सरळ चालतो. खोड दिसते ती थंडपणीच.

सदतीस सालच्या सारंगखेड्याच्या यात्रेत व्यापारी गुलाबसिंगाने कुठल्याशा संस्थानिकाची शर्यतीची मोटार आणली. लांबलचक नाक, आठ सिलिंडर. पाटलांचा जीव मोटारीवर जडला आणि गुलाबसिंगाचा पाटलांच्या अबलख घोडीवर. अदलाबदल ठरली. आधी शहाद्यापर्यंत पळवून आणा, गरम होऊ द्या, मग बोला, असं गुलाबसिंग म्हणाला. पाटील मनात हसले. व्यापाऱ्यांची ही चाल त्यांना पाठ होती.

पहाटे त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. गारठलेलं होतं.

"मी जनावर थंडंच दखस," ते म्हणाले, आणि भोवतीच्या गर्दीने माना डोलावल्या.

इंजिन सुरू होताच तेलाच्या दाबाचा काटा ताडकन वर गेला. काटा वर, म्हणजे अंगात रग. घोडी गुलाबसिंगाच्या खुंट्याला गेली.

गाडी हाकायला पाटलांनी यात्रेतच नवापूरकडचा मोटार-मिस्त्री पौलस धरला. निम्मी वाट सरली नाही तोच काटा उतरू लागला. इंजिन तापत गेलं तसा तो खाली, आणखी खाली, पार शून्याला टेकला. आतून ठकठक ऐकू आली. पौलसने गाडी बंद केली.

त्याने सांगितलं ते साधं होतं. गार तेल काकवीसारखं घट्ट असतं, म्हणून दाब धरतं. तापून पातळ झालं की झिजलेल्या बेअरिंगांतून निसटतं. असंच घरापर्यंत रेटलं तर इंजिन भंगार होईल, मग ते कुणी परत घेणार नाही.

म्हणजे मोटारीची खोड गरम झाल्यावर दिसते. गुलाबसिंगाने फसवलं असतं तर त्याला शिव्या देता आल्या असत्या. तो तर चारचौघांत खरं बोलला होता.

घरी दाराशी नव्या मोटारीसाठी आरती तयार असेल. पण चूक लपवून घरी गेलं तर घोडी कायमची जाणार. पाटील गाडीतून उतरले. मग एक बैलजोडी थांबवून त्यांनी मोटार तिला बांधली, आणि भर दुपारी, गजबजलेल्या यात्रेतून ती मागे ओढत आणली. आपली पारख चुकली, हेही त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

गुलाबसिंग हसला नाही. पाटील त्यानेच जास्त हादरले.

"घोडीनी सकायपाईन चाराले तोंड लायं नही," तो म्हणाला. "लई जा. खोगीर ऱ्हाऊ द्या."

घोडीबरोबर दिलेलं खोगीर चांदीच्या कडांचं होतं. सौदा मोडल्याची भरपाई म्हणून पाटलांनी ते तिथेच सोडलं. उघड्या पाठीवर बसून, पन्नाशीतले पाय लोंबकळत, ते लोणखेड्याच्या वाटेला लागले.